बरणीबाईची सुटका

अन्न तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मॅडमपासून खालच्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी ती बरणीबाई. कारण तिच्याकडे बरण्या होत्या. लोणच्याच्या नव्हेत, जंतूंच्या.

कोंबडीच्या आतड्यात गुण्यागोविंदाने नांदणारा आणि माणसाच्या पोटात शिरला की धुमाकूळ घालणारा एक जंतू आहे, कॅम्पिलोबॅक्टर. बरणीबाई त्याला नुसतं ‘कॅम्पी’ म्हणायची. हा कॅम्पी भलता नाजूक. उघड्या हवेत मरतो, आणि हवा पुरती काढून घेतली तरीही मरतो. त्याला हवा लागते ती चिमूटभर. म्हणून त्याला वाढवायच्या चपट्या प्लेटी जाड भिंतीच्या बरणीत रचायच्या, आत एक पुडी फोडून ठेवायची, ती पुडी आतला बराचसा प्राणवायू खाऊन टाकते, आणि मग झाकण आवळायचं. ऊब द्यायची तीही कोंबडीच्या अंगाइतकी. माणसाला तेवढा ताप चढला तर घरचे धावत डॉक्टर गाठतील.

“सात सासवा परवडल्या,” ती नव्या मुलींना सांगायची, “पण ह्याचे लाड नकोत. जरा गार झालं की रुसतो, जरा वारं लागलं की मरतो. आणि असा लाडोबा माणसाच्या पोटात गेला की मात्र वाघ होतो.”

सकाळी कत्तलखान्यांतून नमुने यायचे. बर्फात ठेवलेली कोंबड्यांच्या मानेची कातडी. ती कापायची, पोषक पाण्याच्या पिशवीत घालायची, यंत्रात चांगली तुडवून घ्यायची, उबेत ठेवायची, मग त्यातला थेंब कोळशाची पूड घातलेल्या काळ्या प्लेटीवर तारेने रेघोट्या मारत पसरायचा आणि प्लेट बरणीत. दोन दिवसांनी झाकण उघडलं की काळ्यावर राखाडी, चपटे, ओलसर डाग. तो कॅम्पी. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मळसूत्रासारख्या गिरक्या घेत पळताना दिसायचा. मग अहवाल वर जायचा. तोवर ती कोंबडी कुणाच्या तरी ताटातून पोटात गेलेली असायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला इलाज नव्हता. जंतू वाढायला वेळ लागतो आणि मांस तेवढा वेळ दुकानात थांबत नाही.

घरी तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. पायाने चालवायचं मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट, जमिनीवर चिंध्या. गल्ली त्याला मास्तर म्हणायची. माणूस बोलघेवडा. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की मास्तरांच्या तोंडाचा पट्टा टेपाच्या आधी सुटायचा.

“आमची बायको एवढी शिकली, आणि करते काय, तर जंतूंना वेळेवर जेवायला घालते,” तो सांगायचा. “मला मात्र स्वतःच्या हाताने वाढून घ्यावं लागतं.”

हे अर्धंच खरं होतं. त्याला वाढायला त्याची आई होती. घरात तिसरं माणूस तीच, आणि स्वयंपाकघर म्हणजे तिचं संस्थान. सासूसुनेत दुधात साखर नव्हती, पण दूध नासलंही नव्हतं. एकदाच जरा खटका उडाला होता. लग्नानंतर लगेच सुनेने मांसासाठी वेगळी लाल फळी आणली. “कच्ची कोंबडी हिच्यावर चिरायची, बाकी सगळं लाकडी फळीवर. आणि कोंबडी नळाखाली धुवायची नाही, शिंतोडे उडतात.” सासूने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून लाल फळी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून बसली. म्हातारी म्हणाली, “तुझ्या ऑफिसातल्या कोंबड्या आजारी असतील बाई. माझ्या नसतात.” मास्तर पोट धरून हसला, आणि सुनेनेही विषय सोडून दिला. दिवसभर जंतूंशी झुंजून आल्यावर घरी पुन्हा कोण भांडणार.

पुढचं सगळं ज्या दिवशी सुरू झालं तो सुट्टीचा दिवस होता. पण प्लेटी त्या दिवशी वाचायच्या होत्या आणि जंतूंना सुट्टी नसते, म्हणून बरणीबाई कामावर गेली. सासूने कोंबडी आणून शिजवली. मायलेकांनी दुपारी जेवून घेतलं, बरणीबाई उशिरा आली आणि गरम करून जेवली. पुढे चार-पाच दिवसांनी मास्तरचं पोट बिघडलं. ताप आला, पोटात मुरडा येऊन तो अंगाची घडी करून पडून राहिला.

“नमुना द्या,” ती म्हणाली. “मी उद्या लावून बघते.”

“अगं, लोक ऑफिसचं काम घरी आणतात,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “तू घरचं काम ऑफिसात नेतेस. जरा तरी लाज ठेव.”

आठवडाभरात तो उठून मशीनवर बसला. सगळे विसरले.

पंधरवडा होत आला असेल. संध्याकाळी ती कामावरून आली तर मशीनचा आवाज येत नव्हता. मास्तर स्टुलावर बसून स्वतःच्या पायाकडे बघत होता.

“गंमत बघ,” तो म्हणाला. “अनवाणी बसलोय, पण पायात जाड जोडा घातल्यासारखं वाटतंय. पायाखाली मशीनच लागत नाही.”

तिच्या खांद्यावरची पिशवी खाली घसरली. तिला ठाऊक होतं. कामाला लागताना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: हा जंतू बहुतेकांना चार दिवस लोळवतो आणि सोडून देतो, पण हजारात एखाद्याचं शरीर त्याच्यावर उगारलेलं हत्यार आपल्याच नसांवर चालवतं. सुरुवात पायापासून होते आणि मग ते वर चढतं.

“उठा,” ती म्हणाली. “दवाखान्यात जायचंय.”

“मुंग्या आल्यात गं. सकाळपर्यंत—”

“उठा म्हणते ना!”

तो उठला आणि गुडघ्यात दुमडून चिंध्यांच्या ढिगावर बसला.

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही. डॉक्टरांनी हातोडी खिशात ठेवली. “मध्यंतरी पोट बिघडलं होतं का?”

“हो,” ती म्हणाली. “मी कोंबडीतल्या जंतूंच्या तपासणीचं काम करते.”

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “मग तुम्हाला माझं म्हणणं कळेल. औषध लगेच सुरू करतो. पण हे अजून वर जाणार. श्वासावर नजर ठेवावी लागेल.”

ते वर गेलं. आधी मांड्या, मग हात, मग चेहरा. गावभर बडबडणाऱ्या माणसाचे ओठ एका बाजूने लोंबले, मग दोन्ही बाजूंनी. पाणी घशाखाली उतरेना. मग श्वास अपुरा पडू लागला आणि त्याच्या गळ्यात नळी घालून त्याला यंत्राला जोडलं. तो सगळं ऐकत होता, सगळं समजत होता. पापण्या तेवढ्या हलायच्या, त्याही पुऱ्या मिटत नव्हत्या. नर्स त्याच्या डोळ्यांत थेंब घालून वर पट्टी लावायची.

दूरच्या गावाहून नणंद आली. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर तिघी बसायच्या. दोन दिवस नणंदेने तोंड शिवून ठेवलं, तिसऱ्या दिवशी टाके उसवले.

“वहिनी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण असला रोग आमच्या सात पिढ्यांत कुणाला झाला नाही. हा कोंबडीचा जंतू घरात आला कुठून?”

म्हातारी पुढे बघत म्हणाली, “येणार कुठून? दिवसभर त्या घाणीत हात घालते, आणि त्याच हातांनी येऊन त्याला पाणी देते. आज ना उद्या हे व्हायचंच होतं.”

बाकावर दुसऱ्या रुग्णांचे दोन-तीन अनोळखी नातेवाईक होते. त्यांनी माना वळवून तिच्या हातांकडे पाहिलं. बरणीबाईने उलट एक शब्द काढला नाही. लोकांना वाटलं सून सोशीक आहे. सोशिकपणा कसला! तिला तेच वाटत होतं. त्या सुट्टीच्या दिवशी एका बरणीचं झाकण अडकलं होतं. ती हिसडा देऊन उघडताना एक प्लेट निसटून फरशीवर पडली होती. रोजच्या पडताळणीसाठी प्रयोगशाळेने पाळलेला कॅम्पी त्या प्लेटीत होता. तिने फरशीवर औषध ओतलं, हातमोजे टाकले, हात धुतले. पण मनगटापर्यंत धुतले का? बाहीला काही उडालं होतं का? घरी आल्यावर मास्तरने पाणी मागितलं तेव्हा तांब्याला आधी कुठे धरलं? ती हे इतक्या वेळा मनात उलगडून बघायची की शेवटी खरं काय घडलं आणि भीतीने काय रचलं हेच तिला कळेना.

ती मोठ्या मॅडमकडे गेली. “माझ्या मिस्टरांचा नमुना लावायचाय. आणि घरच्या फ्रीजरमध्ये त्या दिवशीच्या कोंबडीची मान आणि कातडी आहे. सासूबाई गल्लीतल्या मांजरीसाठी ठेवतात.”

मॅडमनी परवानगी दिली. “पण तू हात लावायचा नाहीस.”

“मॅडम, माझ्याइतकं हे काम—”

“तुझ्याइतकं चांगलं इथे कुणी करत नाही, मला माहितेय. पण तुला जे बघायची भीती वाटते किंवा जे बघायची आस आहे, तेच तुला प्लेटीत दिसेल. चष्मेवाला करेल.”

चष्मेवाला तिच्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. शब्दाला महाग, पण हात सोन्याचा. तो तिच्या नवऱ्याचे नमुने हाताळत असताना ती त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्यांच्या कोंबड्यांची कातडी कापत राहायची. बरणी उघडल्याचा फुस्स आवाज आला की तिचे खांदे ताठ व्हायचे.

पहिल्या खेपेला मास्तरच्या नमुन्यात काहीच उगवलं नाही.

“न सापडणं म्हणजे नसणं नव्हे,” चष्मेवाला हळूच म्हणाला. हे वाक्य तिचंच होतं. तो कामावर आला तेव्हा तिनेच त्याला शिकवलं होतं. आता तिला ते शिवीसारखं लागलं.

त्याने दुसरा नमुना मागवला, आणि ह्या वेळी प्लेटीवर बारीक छिद्रांचा कागद ठेवून त्यावर थेंब सोडले. इतर जंतू कागदावर अडकून पडतात, कॅम्पी बारीक आणि चपळ, तो छिद्रातून पोहून खाली उतरतो. दोन दिवसांनी चार डाग उगवले. मांजरीच्या वाट्याच्या कातडीतूनही उगवले. फ्रीजरमध्ये बरेच मेले असतील, सगळे मेले नव्हते. मॅडमनी मास्तरचा, कोंबडीचा आणि प्रयोगशाळेचा पाळीव, असे तिन्ही कॅम्पी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. बोटांचे ठसे जुळवावेत तशी तिथे जंतूंची ओळख जुळवतात.

उत्तर यायला आठवडे लागले. तोवर मास्तर यंत्रावरच होता. त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, छातीत कफ साठून दोनदा तो हातचा जाता जाता राहिला होता.

एका दुपारी मॅडमनी तिला वर बोलावलं. “बस. त्यांचा आणि कोंबडीचा जंतू एकच आहे. आपला वेगळा. तुझ्या हातून काही गेलेलं नाही.”

बरणीबाई जिन्यावर आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. तिला आनंद झाला. नवरा तिकडे यंत्राच्या श्वासावर जगत होता, आणि तिला छातीतून धोंडा निघावा तसा निखळ आनंद झाला. त्या आनंदाची तिला पुढे जन्मभर लाज वाटली. पण त्या क्षणी नाही वाटली. त्या क्षणी तिला फक्त घरी जाऊन सांगायचं होतं.

घरात शिरली तर सासू ओट्याशी उभी होती. लेकीसाठी आणि तिच्या माणसांसाठी स्वयंपाक चालला होता. लाकडी फळीवर कच्ची कोंबडी चिरून झाली होती. म्हातारीने तुकडे भांड्यात टाकले, फळी नळाखाली धरली, फडक्याने पुसली आणि तिच्यावर टोमॅटो ठेवून सुरी उचलली.

बरणीबाई दारातच थांबली. इतके दिवस एक गोष्ट तिला उमगत नव्हती. कोंबडी तर शिजली होती, तीही जेवली होती, मग एकट्या मास्तरलाच कसं झालं?

“आई, त्या दिवशी ह्यांना कोंबडीबरोबर कच्चं काही दिलं होतंत?”

“काकडी दिली होती चिरून. त्याला आवडते. का गं?”

“तुम्ही खाल्लीत?”

“मला दात आहेत का काकडी खायला?”

“कुठल्या फळीवर चिरलीत?”

म्हातारीने हातातल्या फळीकडे पाहिलं. “हीच की. धुतली होती मी.”

“नुसत्या पाण्याने?”

“चाळीस वर्षं अशीच धुते मी.”

तिथे थांबता आलं असतं. नणंद बाहेरच्या खोलीतून दारात येऊन उभी राहिली होती. तिला बघून बरणीबाईला दवाखान्याचा बाक आठवला, आपल्या हातांकडे वळलेल्या माना आठवल्या, आणि जीभ सुटली ती सुटलीच.

“माझ्या हातांनी काही आणलं नाही. तपासून आलंय, वाचून घ्या. जंतू त्या कोंबडीत होता आणि त्या फळीवरून काकडीत गेला. लाल फळी आणून दिली होती मी, तिचं तुम्ही झाकण केलंत. ह्यांना कुणी निजवलंय ते मला विचारू नका आता. तुमच्या हातांना विचारा!”

नणंद ओरडली, “वहिनी!”

म्हातारीने सुरी ठेवली, टोमॅटो परत टोपलीत ठेवला आणि नळ सोडून हात धुऊ लागली. धूत राहिली. लेकीने नळ बंद केला तेव्हा ती ओट्यालाच टेकून खाली बसली.

त्या दिवसापासून तिने चुलीकडे पाठ फिरवली. ताटात वाढलेलं निम्मं टाकायची. दवाखान्यात रोज यायची, पण मुलाच्या पलंगापासून हातभर लांब बसायची. नर्स म्हणायची, “आजी, जवळ बसा, कपाळावरून हात फिरवा, त्यांना कळतं सगळं.” म्हातारी उठून हात धुऊन यायची, साबण लावून, कोपरापर्यंत. मग सुनेकडे बघून विचारायची, “आता लावू का गं हात?”

“लावा ना आई.”

ती हात पुढे न्यायची आणि मागे घ्यायची. आणि पुन्हा धुवायला जायची. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त दिसू लागलं. बरणीबाईने परोपरीने समजावलं: आई, हजारात एकाला होतं, नशिबाचा भाग आहे, अशा फळ्या घरोघरी आहेत. म्हातारी मान डोलवायची. सांगितलेलं खोटं असतं तर मागे घेता आलं असतं. ते खरं होतं, त्यामुळे त्याचं काहीच करता येत नव्हतं.

मास्तर वाचला. यंत्र हळूहळू सुटलं, गळ्याचं भोक बुजलं, घोगरा का होईना आवाज आला. ऐकत तर तो सगळंच होता. नणंदेने पलंगाशी बसून त्याला फळीची आणि काकडीची कथा साद्यंत सांगितली होती. पहिली दोन-चार वाक्यं बोलायला जमल्यावर त्याने दोघींना समोर बोलावलं.

“तुम्ही दोघी,” तो श्वास घेत घेत म्हणाला, “मला कुणी मारलं ह्यावरून भांडताय. मी अजून मेलेलो नाही. आधी मला विचारायचंत.”

त्याला वाटलं दोघी हसतील. सून रडली. म्हातारी हात धुवायला निघून गेली.

तो कुबड्या घेऊन घरी आला त्याच आठवड्यात म्हातारी लेकीबरोबर तिच्या गावी गेली. चार दिवस राहते म्हणाली होती. बरणीबाई दोनदा आणायला गेली. दुसऱ्या खेपेला सासूने तिला जवळ बसवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, “माझा तुझ्यावर राग नाही. पण त्या घरात माझे हात नकोत.” पुढच्या थंडीत ती तिथेच वारली. निरोप आला तेव्हाही मास्तरला कुबड्यांवर चार पावलांपलीकडे जाता येत नव्हतं. दोन माणसांनी काखेत धरून त्याला आईजवळ नेलं. नणंद बरणीबाईशी एक अक्षर बोलली नाही, आणि त्यानंतरही कधी बोलली नाही.

पाय पुष्कळसे परत आले. आता मास्तर काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जातो. बोटं आली नाहीत. सुईत दोरा ओवणं दूरच, कात्रीही त्याच्या हातात ठरत नाही. मशीन आता गल्लीतली एक विधवा चालवते. मास्तर शेजारी खुर्चीत बसून नजरेने माप घेतो आणि तिला सांगतो, कुठे कापायचं, कुठे सोडायचं. गिऱ्हाईक आलं की बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. मध्येच गप्प होतो.

बरणीबाई अजून त्याच टेबलावर आहे. तिच्या घरात मांस येत नाही. प्रयोगशाळेत काळ्या प्लेटी भरतात, अहवाल वर जातात. नव्या मुलींशी ती आता थट्टा करत नाही, काम तेवढं शिकवते. मुली म्हणतात, बाई कडक आहेत.

एकदा सकाळी कामावर निघण्याआधी ती मास्तरला कपडे घालत होती. त्याने एकाएकी विचारलं, “आईला सांगितलं नसतंस तर?”

तिने सदऱ्याची बाही त्याच्या हातावरून वर ओढली. मग म्हणाली, “मला माझी सुटका हवी होती. दुसरं काही दिसत नव्हतं तेव्हा.”

“झाली?”

तिने मान हलवली. नाही.

हनुवटी वर करून तो गळा मोकळा धरून बसला, आणि तिने त्याच्या सदऱ्याची गुंडी काजात सरकवली, मग तिच्या खालची, मग त्याच्या खालची.